ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड

या वेळी चिंतेच्या, धास्तीच्या त्रासाबद्दल इतकी पत्रं आली की वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं हे सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. उत्तरं माहितीसाठी आहेत. पत्र वाचून कुणाच्या आजाराचं निदान करता येत नाही.

प्रश्न : वय ३४, राहणार डोंबिवली, नोकरी दादरला. चार महिन्यांपूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एकाएकी छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, हातांना आणि ओठांना मुंग्या आल्या. आता आपण जातो, असंच वाटलं. डब्यातल्या बायकांनी ठाण्याला उतरवलं. हॉस्पिटलमध्ये ईसीजी, टूडी एको, रक्ताच्या तपासण्या सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. त्यानंतर तसाच झटका आणखी तीनदा आला. आता मी फक्त स्लो गाडीने जाते, दाराजवळची जागा धरते, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि एक गोळी असतेच. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. समुपदेशनाने हे जाईल का? तिथे नेमकं करतात काय?

उत्तर : वर्णनावरून हे पॅनिक अटॅक वाटतात. घरच्यांचं म्हणणं मात्र अर्धवट आहे. धडधड, घाम, मुंग्या हे सगळं शरीरात खरोखर घडत असतं. मेंदूने धोक्याचा इशारा दिला की अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होऊ लागतो. इशारा खोटा असला तरी शरीर तेवढ्याच इमानाने कामाला लागतं. भराभर श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरायला लागतं. बोटांना आणि ओठांभोवती येणाऱ्या मुंग्याही त्याच्याच; कधी कधी बोटं आखडतात. श्वास पुरत नाही असं वाटतं तेव्हा ऑक्सिजन सहसा कमी पडलेला नसतोच. चक्कर येऊन पडेन, या भीतीचंही तसंच. बेशुद्ध पडायला रक्तदाब घसरावा लागतो, पॅनिकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. (रक्त किंवा सुई बघून भोवळ येणारी माणसं याला अपवाद. त्यांचा दाब खरंच घसरतो, म्हणून त्यांनी सैल सोडण्याऐवजी हातापायांचे आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम वाटला की २०-३० सेकंद सोडायचे, असं चार-पाच वेळा.)

झटका साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. पण तुम्हाला तो आपोआप ओसरताना बघायला मिळालेलाच नाही. ठाण्याला उतरलात, बरं वाटलं, आणि मनाने नोंद केली की उतरले म्हणून वाचले. दाराजवळची जागा, बाटली, गोळी, स्लो गाडी यांनी ती नोंद रोज पक्की होते. पहिला झटका कुणालाही येऊ शकतो. आजार मुक्काम ठोकतो तो पुढच्या झटक्याच्या धास्तीवर आणि तो टाळण्याच्या धडपडीवर. ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्याचा म्हणूनच काही उपयोग होत नाही. टेन्शन कमी कसं करायचं, हे त्यात कुठेच नाही.

समुपदेशनाच्या अनेक पद्धती आहेत. या त्रासासाठी सर्वांत जास्त तपासली गेलेली पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारा उपचार. आठवड्याला एक अशा साधारण ८ ते १२ बैठका, प्रत्येकी ४५-५० मिनिटांच्या. पहिल्या एक-दोन बैठका माहिती घेण्यात जातात : झटका कुठे आला, त्या वेळी डोक्यात कोणता विचार होता, झोप किती, चहा किती, घरात आणि ऑफिसात काय चाललंय. ‘धडधड झाली, म्हणजे हार्ट अटॅक’ हा अर्थ मनात किती झटकन लागतो आणि त्या अर्थानेच धडधड कशी वाढते, हे तुमच्याच एखाद्या झटक्यावरून कागदावर मांडलं जातं.

श्वासाचा सराव सोपा आहे, पण त्यात हमखास चुका होतात. नाकाने आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. पोटावर हात ठेवून, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, आणि बरं वाटत असताना. ‘खोल श्वास घ्या’ असं ऐकून लोक मोठमोठे श्वास ओढतात, त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी घसरतो आणि मुंग्या वाढतात. भर हवा तो सावकाश सोडण्यावर. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो जिवावर बेतू शकतो.

पुढचा भाग लोकांना विचित्र वाटतो. ज्या संवेदनांची भीती बसली आहे त्या खोलीत बसून मुद्दाम निर्माण करायच्या : एक मिनिट जागच्या जागी धावणं, अर्धा मिनिट फिरत्या खुर्चीत गोल फिरणं, बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास. धडधड आली, गरगरलं, आणि काही झालं नाही, हे शरीराला असं दाखवून द्यावं लागतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही.

मग लोकल. प्रत्येक प्रसंगाला भीतीचे ० ते १०० गुण द्यायचे आणि खालून सुरुवात करायची. तुमच्यासाठी ती अशी असू शकेल : दुपारी फलाटावर वीस मिनिटं नुसतं थांबणं, २५ गुण. दुपारच्या स्लो गाडीने कुणाला तरी सोबत घेऊन कोपर आणि परत, ३५. तेच एकटीने दिव्यापर्यंत, ४५. एकटीने स्लोने ठाणं, ५०. दुपारची फास्ट ठाण्यापर्यंत, ६५. फास्टने दादर, ७५. आणि सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात मध्यभागी उभं राहून दादर, ९०. एकेक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. निघण्याआधी वहीत लिहायचं, ‘मला काय होईल असं वाटतंय’, आणि आल्यावर, ‘प्रत्यक्षात काय झालं’. कंटाळवाणं वाटतं, पण मत बदलायला हे दोन रकानेच कामी येतात.

घोटाळे ठरलेल्या जागी होतात. भीती टोकाला असताना मधेच उतरलं की त्या दिवशीची मेहनत उलटी पडते. आठवड्यातून एकदाच केलं तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. आणि सगळ्या पायऱ्या चढूनही बाटली आणि गोळी पर्समध्येच राहिली, तर श्रेय त्यांच्याच खात्यात जातं. म्हणून वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर त्या घरी ठेवायच्या.

एवढं सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन तपासलं आहे ना, ते बघा. थायरॉइड वाढलेला असला किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. दम्याच्या पंपानेही होते. आणि छातीतलं दुखणं जिना चढताना येत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, किंवा कधी खरोखर शुद्ध हरपली असेल, तर जुना नॉर्मल ईसीजी पुढे करून घरी बसू नका.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. झोप येत नाही, जीव घाबरा होतो म्हणून तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ दिली होती. पंधरा दिवसांची चिठ्ठी होती. मेडिकलवाला ओळखीचा, त्यामुळे अजून चालू आहे. आता एका गोळीने भागत नाही. गेल्या महिन्यात बंद केली तर दोन दिवसांत हात थरथरायला लागले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणजे आजार वाढलाय का? (सोलापूर)

उत्तर : आजार वाढला असेलच असं नाही, हे गोळी सुटल्याचं लक्षण दिसतं. या गटातली औषधं अर्ध्या तासात आराम देतात, म्हणूनच त्यांची सवय लागते. थोड्या आठवड्यांपुरती ती उपयोगी आहेत. महिनोन्‌महिने घेतली की शरीर सरावतं, मात्रा वाढवावी लागते आणि सोडताना मूळ त्रासापेक्षा मोठा त्रास होतो.

एकदम बंद अजिबात करू नका, फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ साधारण दर दोन आठवड्यांनी १० ते २५ टक्के या बेताने मात्रा उतरवतात, काही वेळा आधी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन. शेवटची पाव गोळी सोडायला सगळ्यात जड जाते, तिथे घाई नको. तोवर दारू पूर्ण बंद. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडण्याचा धोकाही या वयात खरा आहे.

अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. ओळखीने गोळी देणारा मेडिकलवाला तुमच्यावर उपकार करत नाहीये.

चिंतेवरची मुख्य औषधं वेगळी, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. ती लागेल तेव्हा घ्यायची नसतात, रोज घ्यायची असतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता उलट वाढू शकते. नेमकं याच आठवड्यात पुष्कळ लोक ‘सोसलं नाही’ म्हणून सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात. त्यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड होते.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, वय ४१. झटका वगैरे काही येत नाही, पण डोकं थांबत नाही. नोकरी जाईल का, आईची तब्येत, मुलीची शाळा, गृहकर्ज. एक संपलं की दुसरं. मान आणि खांदे कायम आखडलेले, रात्री दोन-दोन वाजतात. याला आजार म्हणायचं की स्वभाव?

उत्तर : काळजी बहुतेक दिवस, सहा महिन्यांहून जास्त काळ, आवरू म्हणता आवरत नसेल आणि सोबत आखडलेले स्नायू, थकवा, चिडचिड, झोपमोड असेल, तर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. अंदाजासाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर कुणाला तरी भेटायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. निदान माणूसच करतो.

काळजी करू नका, असं आम्हीही सांगणार नाही. ती करा, पण वेळ लावून. रोज एकाच जागी, एकाच वेळी, समजा संध्याकाळी साडेसहाला, वीस मिनिटं. बेडवर नाही आणि झोपेच्या तोंडावर नाही. दिवसभरात जी काळजी डोकं वर काढेल ती फोनवर एका ओळीत टिपायची आणि साडेसहावर ढकलायची. त्या वेळी यादीचे दोन भाग करायचे. ज्यावर काही करता येईल (आईची तपासणी, हप्त्याचा हिशोब) त्यापुढे पुढचं एक काम आणि वार लिहायचा. ‘असं झालं तर’ या जातीच्या काळज्यांपुढे तारीख घालून ठेवायची आणि महिन्याने बघायचं, किती खऱ्या झाल्या. पहिला आठवडा हे जमत नाही. काळज्या साडेसहाची वाट बघत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो. वीस मिनिटं संपल्यावर उठावंच लागेल असं काम मागे लावून ठेवा, नाहीतर बैठक तासभर लांबते.

अंथरुणात वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात, मोबाइलशिवाय. दुपारी चारनंतरची कॉफी बंद. तिचा निम्मा अंमल उतरायलाच पाचेक तास लागतात. मान-खांद्यांसाठी १९२०-३० च्या दशकांत जेकबसन यांनी विकसित केलेली शिथिलीकरणाची पद्धत आजही चालते : एकेक स्नायूगट पाच-सात सेकंद आवळायचा, वीस सेकंद सोडायचा, तळपायापासून कपाळापर्यंत.

प्रश्न : मुलगा मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा रिपीट करतोय, लातूरला क्लास आहे. घरी सगळं येतं, टेस्टच्या दिवशी सकाळी उलटी, हात गार, पेपर समोर आला की कोरा. दिवसातून दहा वेळा मला विचारतो, आई, होईल ना गं माझं? मी म्हणते, होईल रे. तरी परत विचारतो. समुपदेशकाकडे न्यावं तर अभ्यासाचा वेळ जाईल, असं हे म्हणतात.

उत्तर : आठवड्याचा एक तास जाईल. सध्या दर टेस्टला किती तास जातात, ते ह्यांना मोजायला सांगा.

उलटीसाठी आधी फिजिशियनला दाखवा, पोटाचं काही नाही ना. नसेल तर टेस्टच्या दिवशी दीड-दोन तास आधी हलकं खाणं, रोजचंच. नवीन काही नको, रिकामं पोटही नको.

पेपर कोरा होण्यावर उपाय परीक्षेसारख्याच परिस्थितीत सराव करण्याचा. नीट सध्याच्या पद्धतीत दुपारी २ ते ५ असते, १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. तर दर रविवारी त्याच वेळी, ओएमआर शीटवर, पेनाने, घराबाहेरच्या अनोळखी अभ्यासिकेत, मध्ये न उठता. पहाटे ताज्या डोक्याने आपल्या टेबलावर सोडवलेला पेपर या भीतीला काहीच शिकवत नाही. मधेच कोरं वाटलं तर काय करायचं, हेही सरावातच ठरवून ठेवावं लागतं : पेन खाली, दोन्ही पाय जमिनीवर दाबून तीन सावकाश उच्छ्वास, आणि जीवशास्त्रातला हमखास येणारा एक प्रश्न. एक गोळा भरला की हात चालू होतो.

समुपदेशक त्याच्या विचारांवरही काम करेल. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेलेली विवेकनिष्ठ पद्धत इथे चांगली लागू पडते. ‘मला एमबीबीएस मिळालं तर फार बरं’ ही इच्छा झाली. ‘मिळालंच पाहिजे, नाहीतर मी फुकट’ हा हट्ट झाला. इच्छेने माणूस अभ्यासाला बसतो, हट्टाने सकाळी उलटी होते. हा फरक मुलाला पटवून देऊन चालत नाही. त्याच्याकडून त्याचाच दावा तपासून घ्यावा लागतो. रिपीट करणारी सगळी मुलं फुकट का? गेल्या वर्षी ज्याचं झालं नाही, त्या मित्राला तू तसं म्हणशील का?

‘होईल रे’ हे उत्तर मात्र थांबवा. दर वेळी त्याला पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणून तो परत येतो. आधी त्याच्याशी बोलून ठरवा आणि मग विचारल्यावर शांतपणे एवढंच म्हणा, ‘निकाल तुला माहीत नाही, मलाही नाही. आत्ता कुठला चॅप्टर घेतलायस?’ तो चिडेल, तीन-चार दिवस जास्त विचारेल. टिकून राहा. वडिलांनीही तेच उत्तर द्यायला हवं. एकाने थांबवलं आणि दुसऱ्याने दिलं, तर विचारणं वाढतं.

जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, वस्तू वाटून टाकणं, मित्रांना निरोपासारखे मेसेज दिसले तर टेस्ट बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतंय का?’ विचारल्याने तसं डोक्यात येत नाही. टेली-मानस १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२, किंवा थेट जवळचं हॉस्पिटल.

प्रश्न : निवृत्त आहे, वय ६६, नागपूर. बीपीचं मशीन आणल्यापासून दिवसातून बारा-पंधरा वेळा मोजतो. प्रत्येक वेळी आकडा वेगळा. बायको वैतागली आहे.

उत्तर : आकडा दर वेळी वेगळा येतो, तो तसाच असतो. चालून आल्यावर, बोलताना, नुसत्या धास्तीनेही तो वाढतो. नायटा खाजवावा तसं होतं हे : मोजलं की क्षणभर बरं, मग आणखी मोजावंसं.

योग्य मोजणी अशी. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, पट्टा हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोन आकडे, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या आत असेल तर सहसा ठीक. ती वही डॉक्टरांना दाखवा आणि पुढे किती वेळा मोजायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. मशीन बायकोच्या कपाटात. मोजावंसं वाटलं की आधी पंधरा मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात अर्धा तास. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं याला हा नियम लागू नाही. तिथे सरळ दवाखाना.

प्रश्न : भीती वाटली की रामरक्षा म्हणते. समुपदेशक म्हणतील का, की हे बंद करा?

उत्तर : जाणता समुपदेशक असं म्हणणार नाही. एका लयीत म्हणताना श्वास आपोआप संथ होतो, आणि श्रद्धेचा आधार हा आधारच. मात्र ठरावीक वेळाच झाली पाहिजे, चुकली तर पहिल्यापासून, नाहीतर घरच्यांचं काहीतरी वाईट होईल, असं वाटायला लागलं तर ते आवर्जून सांगा. ती वेगळ्या आजाराची, ओसीडीची (मंत्रचळाची), खूण असू शकते आणि तिचा उपचार वेगळा आहे.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीजवळच्या गावात राहतो. बहिणीला चिंतेचा त्रास आहे. मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर यांतल्या कुणाकडे न्यायचं? ऑनलाइन चालेल का? बाहेर कळलं तर लग्न जमायला अडचण येईल, ही भीती आहे.

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले, आणि औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात शिकलेले असतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारा आणि परिषदेच्या साइटवर पडताळून घ्या. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषधं देत नाहीत. समुपदेशक या पाटीमागे मात्र फार फरक आहे. कुणी एमए मानसशास्त्र करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली शिकलेलं असतं, कुणी शनिवार-रविवारचा कोर्स केलेलं. फोनवरच विचारा : शिक्षण काय, चिंतेच्या त्रासावर कोणती पद्धत वापरता, किती बैठका लागतील, फी किती, गरज पडली तर कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता. या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. ‘तीन बैठकांत गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे तर नकोच.

बहीण जेवते, झोपते, कामं उरकते, पण त्रासात आहे, असं असेल तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालेल. खाणं-झोप बिघडली आहे, घराबाहेर पडणं बंद आहे, जीव नकोसा वाटतो, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. तुम्हाला जवळचं म्हणजे ओरोसचं सरकारी रुग्णालय. हद्दीपलीकडे बांबोळीला गोव्याची मानसोपचार संस्था आहे. जाण्याआधी ओपीडीचे वार विचारून घ्या, नाहीतर बसचा दिवस फुकट जातो. ठाण्याची आयपीएच, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था, मराठीतून काम करते.

तज्ज्ञ नाहीत म्हणून काहीच होत नाही, असंही नाही. तुमच्या शेजारीच गोव्यात ‘मानस’ नावाचा मोठा अभ्यास झाला, १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखान्यांत, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. खाजगी दवाखान्यांत तेवढा फरक दिसला नाही. तेव्हा गावातली आशाताई किंवा आरोग्य केंद्रातली समुपदेशक कमी शिकलेली म्हणून टाळू नका. तिला प्रशिक्षण मिळालंय का आणि अवघड केस ती कुणाला विचारते, एवढं बघा.

ऑनलाइन चालतं, चिंतेसाठी तर चांगलं चालतं, पण खोलीचं दार लागायला हवं. छोट्या घरात बहीण कानात इअरफोन घालून बोलते आणि स्वयंपाकघरात सगळे कान देऊन असतात, अशा बैठकीत काही बाहेर येत नाही. गच्ची, परड्यातली जागा, मैत्रिणीचं घर, काहीतरी शोधा.

गुप्ततेचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडून. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च नसेल तर समुपदेशनाची फी त्यातून मिळत नाही, आणि तिथेच लोकांची निराशा होते.

प्रश्न : चार वेळा समुपदेशकाकडे गेलो. मी बोलतो, ते मान डोलावतात, पाचव्या मिनिटाला मोकळं वाटतं, घरी आलो की तेच. थांबवू का? (कोल्हापूर)

उत्तर : चार बैठकांत बरं व्हायलाच हवं असं नाही, पण काहीतरी ठरलेलं असायला हवं. तुमचा त्रास कशाने टिकून आहे याबद्दल त्यांचा अंदाज तुम्हाला सांगितला का? ध्येय काय लिहिलंय? ‘मन शांत व्हावं’ हे ध्येय मोजता येत नाही. ‘मीटिंगमध्ये दर आठवड्याला एकदा तरी बोलणं’ हे येतं. दोन बैठकांच्या मधल्या सहा दिवसांत तुम्ही काय करायचं, हे ठरतं का? चिंतेच्या उपचारात निम्म्याहून जास्त काम त्या सहा दिवसांत होतं. गृहपाठ दिला जातो आणि तुम्ही तो करत नसाल, तर दोष समुपदेशकाचा नाही. तेही खोलीत सांगा, का जमत नाही यावरच एक बैठक होऊ शकते.

पाचव्या बैठकीत सुरुवातीलाच हे पत्रातलं वाक्य जसंच्या तसं बोला. बहुतेक लोक गप्प राहतात आणि न सांगता जाणं बंद करतात. चांगला समुपदेशक आराखडा बदलेल, किंवा हे आपल्या हातातलं नाही असं सांगून दुसऱ्याकडे पाठवेल. जीएडी-७ सारखी यादी दर दुसऱ्या आठवड्याला भरा. सहा ते आठ बैठकांत आकडा हलला नाही तर पद्धत, माणूस किंवा औषधाची गरज यांपैकी कशाचा तरी फेरविचार करायचा. घरी मारहाण, कर्जवसुलीचे फोन, नोकरीतला छळ असं काही चालू असेल आणि ते अजून सांगितलं नसेल, तर नुसत्या श्वासाच्या सरावाने आकडा हलणार नाही. तिथे वकील, बँक, पोलीस यांचीही कामं असतात.

आणि बदललात तर आधीच्या ठिकाणाहून नोंदींची प्रत मागून घ्या. २०१७ च्या कायद्याने आपल्या उपचारांच्या नोंदी बघण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. नवीन ठिकाणी पुन्हा शाळेपासूनची कहाणी सांगण्यात जाणाऱ्या दोन बैठका वाचतील.